सोसायटीच्या पत्रकांतलं मराठी: चुका त्याच त्याच का होतात?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नोटीसफलक
सोसायटीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर जाणारी पत्रकं शुद्ध मराठीत जावीत अशी मनापासून इच्छा आहे. लिहिणारे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. नमुना जसाच्या तसा देतो:

‘सर्व सभासदाना कळविण्यात येते कि रविवारी पाणि पुरवठा बंद राहील. सोसायटी मध्ये होणार्या सभेस सर्वांची उपस्तिथी महत्वाची आहे. ठाणे ला रहाणार्या सभासदानी फोनवर संमती द्यावी.’

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली ४ वाढले. हे १८ नियम छापून वाटले तर कुणी वाचत नाही. लिहिणाऱ्याला कमीत कमी काय सांगावं? आणि फोनवर टाइप करताना काय सांभाळावं?

कानामात्रा
ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करू नका. सगळे तिथेच अडकतात, आणि त्याहून मोठी चूक नजरेतून सुटते. ती म्हणजे अनेकवचनाचा अनुस्वार. ‘पाणि’ लिहिलं तरी वाचणाऱ्याला पाणी कळतं. पण ‘सदस्याची सही आवश्यक’ आणि ‘सदस्यांची सही आवश्यक’ यांत एकाची सही की सगळ्यांची, एवढा फरक एका टिंबावर आहे. ‘सभासदाना’ हे तर कुठलंच रूप नाही. एक असेल तर सभासदाला, अनेक असतील तर सभासदांना. व्यक्ती एकच असली तरी मान द्यायचा असेल तिथेही टिंब हवं: अध्यक्षांचा, सचिवांनी. पत्रक लिहून झालं की फक्त यासाठी एकदा वाचायचं. ना, नी, चा-ची-चे दिसले की थांबून विचारायचं, एक की अनेक?

दुसरी गोष्ट, तोडलेले शब्द. ‘सोसायटी मध्ये’, ‘ठाणे ला’, ‘घरा समोर’. हिंदीत नामापुढे ‘में’, ‘को’ सुटे लिहितात, ती सवय मराठीत शिरली. त्यात फोन सुचवलेल्या प्रत्येक शब्दानंतर स्वतःच जागा सोडतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं आणि चिकटताना बहुतेकदा शब्दाचं रूप बदलतं: ठाणे, पण ठाण्यात, सभा, पण सभेस. ‘घरा’ एकटं उभं राहू शकत नाही, म्हणून ‘घरासमोर’ जोडूनच. ‘पाणीपुरवठा’ हा सामासिक शब्द आहे, तोही एकत्र.

उपान्त्य
कानामात्रा यांचा क्रम पटला. वेलांटी-उकारांचं थोडक्यात सांगतो.

मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: पाणी, की, गहू, पेरू. संस्कृतातून आलेले ऱ्हस्वान्त शब्दही सुटे लिहिताना दीर्घ: कवी, गुरू, बुद्धी. समासात मात्र ते मूळ रूपावर जातात: कविराज, गुरुकुल, बुद्धिवाद. ‘आणि’, ‘नि’ आणि परंतु, तथापि यांसारखी संस्कृत अव्ययं शेवटी ऱ्हस्वच. ‘कि’ असा शब्द मराठी वाक्यात कधीच येत नाही.

शेवटच्या आधीचं अक्षर जास्त फसवतं. शब्द अकारान्त (शेवटी ‘अ’) असेल तर त्यातला इ-उ दीर्घ, प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की ऱ्हस्व: वीज–विजेचे, चूक–चुका, वकील–वकिलांना, नागपूर–नागपुरात. म्हणून ‘वीजबिल’ पण ‘विजेचे बिल’. हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लागू नाही: गुण, विष, मंदिर यांत आधीपासूनच ऱ्हस्व, आणि शरीर–शरीरात, परीक्षा–परीक्षेत यांत दीर्घ तसाच टिकतो.

‘महत्त्व’मध्ये दोन त का, हे एकदा कळलं की विसरत नाही. महत् + त्व, एक त मूळ शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा. ‘नेतृत्व’ हे नेतृ + त्व, म्हणून तिथे एकच. ‘उपस्तिथी’त ‘स्थ’चा थ पुढे ढकलला गेलाय. ‘स्थिती’ लिहून आधी ‘उप’ जोडा. आणि ‘रहाणारे’ नव्हे, ‘राहणारे’. पाहणे, वाहणे यांचंही तसंच.

पहिली वेलांटी
टाइप करण्याबद्दल. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक ऱ्हस्व-दीर्घाचा अंदाज बांधतो, आणि आपण स्पेस दाबून तो मान्य करतो. बऱ्याच चुका इथे जन्मतात. शिवाय एकदा स्वीकारलेला चुकीचा शब्द तो लक्षात ठेवतो. सुचवणीत असा शब्द आला तर बोट दाबून धरा; जीबोर्डवर (गूगलचा फोनवरचा कळफलक) तो ओढून कचरापेटीत टाकता येतो.

संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक, शिकाच. एफच्या कळीवर पहिली वेलांटी, तिच्या लगेच वरच्या आरवर दुसरी. जीवर पहिला उकार, वरच्या टीवर दुसरा. म्हणजे दीर्घ नेहमी ऱ्हस्वाच्या डोक्यावर. बोटाला जागा ठरवावीच लागते, अंदाज उरत नाही.

नमुन्यातलं ‘होणार्या’ बघा. तिथे रफार (र चं डोक्यावरचं चिन्ह) नको, ‘होणाऱ्या’ हवं. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. काही कळफलक साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून हेच रूप काढतात. डोळ्याला सारखं दिसतं, पण मजकुरात शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी टाइप होतो: आशीर्वाद = आ, शी, र, हलन्त, वा, द. हे माहीत नसलं की ‘आर्शिवाद’ होतो. ‘दुःख’मधला विसर्ग अपूर्णविरामाच्या कळीने काढू नका, शिफ्ट आणि उणे चिन्हाच्या कळीवर खरा विसर्ग आहे.

शुद्धलेखन तपासनीस जरूर वापरा, पण तो बहुतेकदा शब्द सुटा बघतो. ‘मराठी भाषा गौरव दीन’ त्याच्या नजरेतून सहज सुटेल, कारण दीन म्हणजे गरीब हा शब्दही बरोबरच आहे.

नोटीसफलक
आभारी आहे. दोन शंका उरल्या. एक ज्येष्ठ सभासद ‘नांव’, ‘पांच’ लिहितात, ते दुरुस्त करू का? आणि ‘असं केलं’ चालेल का?

कानामात्रा
‘नांव’ ही १९६२ आधीची रीत, त्या काळी शाळेत तसंच शिकवत. त्यांच्या पत्रात हात घालू नका. सोसायटीच्या पत्रकात ‘नाव’ करा. ‘असं केलं’ ही बोलण्यातली रूपं आहेत, इथे आपण तशीच लिहितोय. पत्रकात ‘असे केले’ ठेवा, आणि एकाच पत्रकात दोन्ही मिसळू नका.

नोटीसफलक
‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की रविवारी पाणीपुरवठा बंद राहील. सोसायटीमध्ये होणाऱ्या सभेस सर्वांची उपस्थिती महत्वाची आहे. ठाण्यात राहणाऱ्या सभासदांनी फोनवर संमती द्यावी.’

उपान्त्य
‘महत्त्वाची’. एक त राहिला. बाकी लावा फलकावर.