काही उपनगरं मनमिळाऊ आणि काही नुसतीच शांत, असं का?

सांजवेळ: उपनगरांच्या इतिहासावर थोडं वाचतेय सध्या. रेल्वे आली, शहरात नोकरी करून लांब राहता यायला लागलं, मग बिल्डर आले, इथवर ठीक. पण एकाच काळात, साधारण सारख्याच पगाराच्या लोकांसाठी बांधलेल्या दोन वसाहती घ्या, एकीत लोक एकमेकांच्या घराच्या चाव्या सांभाळतात आणि दुसरीत शेजारच्याचं नावही माहीत नसतं. माणसंच तशी, असं म्हणून सोडून द्यायचं का?

जिन्याखालचा: माणसांवर फार ढकलू नका हो. फेस्टिंगर वगैरे तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीची पाहणी केली होती, १९५० मध्ये छापून आली. शेजारच्याच दारातल्यांशी मैत्री ४१ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के! अंतर म्हणाल तर चार दारांचं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तर वरच्या मजल्यावरचेही जास्त मित्र, कारण जाता-येता तेच दिसणार ना. आता लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरते, मग कोण कोणाला दिसणार आणि ओळख कुठून व्हायची.

पायी_पायी: +१, पण रस्ता विसरलात. ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांजवळचे तीन रस्ते बघितले. दिवसाला साधारण २००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी ३ मित्र, १६००० वाल्यावर १ सुद्धा धड नाही. शांत रस्त्यावरचे लोक अख्खा रस्ता आपला समजायचे, पायरीवर बसायचे, पोरं बाहेर खेळायची. गर्दीच्या रस्त्यावरचे खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत. घर बघायला जाताना सगळे किचन बघतात, समोरून गाड्या किती जातात ते कोणी मोजत नाही, हे मला कधी कळलंच नाही.

उंबरठा: सगळं खरं, पण "मनमिळाऊ" कोणासाठी ते पण बघा. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटटाउन हे उपनगर, १९४७ पासून बांधलं, सतरा हजारांवर घरं, कुंपण घालायचं नाही असा नियम, पोरं या अंगणातून त्या अंगणात. अगदी गोड चित्र. आणि करारातच कलम की गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही! त्याच बिल्डरच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ ला मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब आलं तर घरासमोर जमाव, दगडफेक. हेच लोक एकमेकांची पोरं सांभाळत असणार.

सांजवेळ: हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे जिना आणि रस्ता ओळख करून देतात, पण त्या जिन्यापर्यंत कोणाला येऊ द्यायचं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं?

उंबरठा: हो ना. आणि आता करारात लिहायचीही गरज पडत नाही, भाड्याने देताना तोंडी "नाही" म्हटलं की काम झालं.

जिन्याखालचा: मान्य. तरी सांजवेळ, तुम्ही वसाहतींची तुलना करताय तर त्या दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवून टपालपेट्या कुठे आहेत तेवढं बघाच, जाता-येता गाठ तिथेही पडते.