धुऱ्यावरून अबोला धरलेले दोन लंगोटीयार: आधी मोजणी की आधी चहा?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

दोघंही एकाच गावचे, वय पंचेचाळिशीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून एका टाटपट्टीवर बसलेले, वावरं धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून. एकेक बैल होता तेव्हा दोघांचे मिळून जोडी व्हायची. नावं नकोत, 'अ' आणि 'ब' म्हणतो.

दोन हंगामांपासून बोलणं बंद आहे. मधला धुरा सहाशे फूट लांब. आधी चार फूट रुंद होता, आता काही ठिकाणी दोनच उरला. अ म्हणतो, ब नं कोरला. त्यात मागच्या ऑगस्टमध्ये ब नं धुऱ्यावर तणनाशक मारलं आणि अ च्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पहिल्या सहा तासांची, म्हणजे ओळींची, पानं भेंडीसारखी झाली. अ च्या मते ते मुद्दाम केलं. जानेवारीत अ नं ब च्या बंडीच्या (बैलगाडीच्या) वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. मग चार जाणत्यांनी दोघांना मारुतीच्या पारावर समोरासमोर बसवलं, तर तिथं एकमेकांचे बाप निघाले.

मोजणी आधी करावी की बोलणं आधी? मध्ये कोणी पडावं? तंटामुक्ती समितीकडे नेलं तर आणखी बिघडेल का? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं, 'वेळ हेच औषध' वगैरे नको.

साखळीवाला (मोजणीतला जुना माणूस)

आधी कागदावर हिशेब मांडा. 600 फूट लांबीत जास्तीत जास्त 2 फूट रुंदी गेली असं धरलं तरी 1,200 चौरस फूट होतात. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. म्हणजे सगळ्या लांबीत सारखी रुंदी गेली असती तरी वाद सव्वा गुंठ्याच्या आतला आहे, आणि तुम्ही तर 'काही ठिकाणी' म्हणता. एकरात 40 गुंठे. हा आकडा दोघांना वेगवेगळा दाखवा. भांडताना डोक्यात एकर असतो, कागदावर गुंठा निघतो.

दुसरं, धुरा कोण कोरतो ते बघा. बैलाचा वखर धुऱ्याशी आला की उचलावाच लागायचा. भाड्याचा ट्रॅक्टरवाला एकरी भावानं नांगरतो, त्याला धुरा कोणाचा याच्याशी घेणं नसतं. दरवर्षी वीतभर आत घुसला तरी तीन वर्षांत धुरा अर्धा होतो, आणि तो बहुतेक दोन्ही बाजूंनी कोरला जातो. धुऱ्यावर जुनी बोर, पळस किंवा बाभूळ असेल तर तिच्या बुंध्यापासून दोन्ही कडांपर्यंत टेप लावा. झाड पूर्वी मधोमध होतं असं दोघंही कबूल करत असतील, तर कोणाच्या बाजूनं किती गेलं हे मोजणीशिवायच कळतं. बऱ्याच वेळा दोघांचंही गेलेलं निघतं आणि दोघंही गप्प होतात.

एवढ्यानं मिटलं नाही तर मोजणी. पण अर्ज अ च्या नावानं जाऊ देऊ नका. त्यानं अर्ज केला की ब ला लगतधारक (शेजारचा जमीनधारक) म्हणून नोटीस जाते आणि गावात ती कोर्टाच्या समन्ससारखी वाचली जाते. अर्ज ब नं स्वतःच्या गटाचा करावा, फी दोघांनी अर्धी-अर्धी भरावी. ज्याच्यावर आळ आहे त्यानंच 'मोजा' म्हटलं की समोरच्याच्या हातातलं हत्यार पडतं. नोटीस निघण्याआधी मधल्या माणसानं अ ला तोंडी सांगून ठेवायचं, पोस्टमननं नाही.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाचा, ई-मोजणीवर ऑनलाइन भरतात. चालू सातबारा आणि लगतधारकांची नावं-पत्ते लागतात. डिसेंबर 2024 पासून प्रकार दोनच आहेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमितला 2,000 रुपये, द्रुतगतीला 8,000. मैत्रीच्या मामल्यात नियमितच बरी. मधल्या वेळात बोलणं व्हायला सवड मिळते, आणि 8,000 भरणारा माणूस जिंकायच्या हिशेबानं येतो.

पऱ्हाट्या उपटून वावर रिकामं झाल्यावर, पावसाच्या आधी मोजून घ्या. मृग लागला की काळ्या मातीत पायही रोवत नाही. भूकरमापक येण्याच्या आदल्या दिवशी दोघांच्या सहीनं एक ओळ लिहून ठेवा: 'एक फुटाच्या आतला फरक निघाला तर कोणी मागणार नाही.' हे मोजणीआधीच लिहायचं असतं. आकडा समोर आल्यावर उदारपणा सुचत नाही.

दगड, चुना, मजूर तुम्हीच आणायचे. 600 फुटांना दोन्ही टोकं धरून दर 150 फुटांवर एक, असे पाच दगड घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळं वीतभर गाडलेला दगड दोन वर्षांत कलंडतो आणि भांडण पुन्हा उभं राहतं. किमान दोन फूट खोल गाडा, भोवती मुरूम ठोकून भरा. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते, पण मित्रांनी तिथवर जाऊ नये.

गावात कोणीतरी सलोखा योजना सुचवेलच. ती 2023 ची, एकमेकांची जमीन किमान 12 वर्षांपासून अदलाबदलीनं ताब्यात असेल तर दस्त स्वस्तात करून घेण्यासाठी. इथं लागू नाही.

गोठवाला वऱ्हाडी

बाप्पा, पारावर समोरासमोर बसवलं तीच पयली चूक झाली. पारावर मानूस दोस्ताशी नाही बोलत, पाहनाऱ्या लोकायशी बोलते. तिथं कोनीच नमतं घेत नाही.

वरच्या भाऊचं मोजनीचं बराबर हाय, पन ते दुसरं पाऊल. आधी मधला मानूस पाहा. सोयरा नको, दोघायपैकी कोनाची उधारी असलेला नको, आन् ग्रामपंचायतीले उभा राहनारा तं बिल्कुल नको. शायेतला तिसरा दोस्त असंन तं सगळ्यात बरा, त्याले दोघायलेही शिव्या द्याचा हक्क असते.

त्यानं चार फेऱ्या कराव्या: अ कडे, ब कडे, मंग आठ-धा दिवसानं पुन्हा दोघायकडे. घरी जाऊ नये. घरी बायको-पोट्टे आयकत असते, मानूस ताठ होते. वावरात जा, पऱ्हाट्या उपटून रायला असंन तं संग उपटू लागा. हातात काम असलं का तोंड सैल होते. सांजेच्या बैठकीत, जिथं बाटली असते तिथं, हा विषय काढूच नका. रात्री रडून मिठ्या मारते आन् सकाळी काट्या तिथंच असते.

पयल्या फेरीत निस्तं आयका. दुसऱ्या फेरीत एकच इचारा: 'तो आला तं तू काय करशीन?' 'पाहू' म्हणे तं अर्धं काम झालं. 'येऊ तं दे!' म्हणे तं आनखी पंधरा दिवस थांबा. इकडचं तिकडे नेताना चाळनी लावा. 'तो तुले चोर म्हणे' हे न्याचं नाही. 'त्याले धुऱ्याचं लय लागलं' हे न्याचं. दोन्ही खरंच असते, पन एकानं आग लागते.

पयली भेट माफीची नको, कामाची पायजे. एखादा पाना, टोकर, पेरनीचं सरतं, काहीतरी मांगाले जावं. वस्तू देनारा मानूस दाराशी दोन मिनिटं उभा राहते. वापस द्याले पुन्हा दोन मिनिटं. असं दोन-तीन डाव झालं का मंग रोडग्याचा बेत करा, तिसऱ्याच्या वावरात. गोवऱ्याच्या इस्तवात रोडगे भाजाले तास-दीड तास लागते, तेवढ्यात कोनाले उठून जाता येत नाही. आठ-धा मानसं बस, तीनेक किलो जाडी कनिक, वांग्याची भाजी, वरन. एकाले गोवऱ्या रचाले लावा, दुसऱ्याले वांगे चिराले. गाव बोलावलं तं त्याचा पुन्हा पार होते.

डवरणी

तणनाशकाबद्दल, कारण 'मुद्दाम केलं' ही गाठ धुऱ्यापेक्षा घट्ट बसलेली दिसते.

पानं अरुंद होऊन भेंडीसारखी झाली असतील तर ते बहुतेक 2,4-डी आहे. कपाशी या औषधाला इतकी नाजूक की हवेवर उडालेले तुषारही पुरतात, किंवा नीट न धुतलेल्या पंपातला अंशही. म्हणून आरोप करण्याआधी खुणा बघायच्या. धुऱ्याजवळच्या तासांत जास्त आणि आत जाताना कमी होत गेलं असेल तर ते हवेनं आलं. धुऱ्याशी संबंध नसलेले पट्टे मधेच दिसत असतील तर अ नं स्वतः किंवा मागून आणलेल्या पंपानं कीटकनाशक मारलं तेव्हा गेलं असण्याची शक्यता जास्त. तुम्ही 'पहिले सहा तास' म्हणता, म्हणजे हवेचंच वाटतं. हवेनं जाणं हा निष्काळजीपणा आहे, वैर नाही. पण निष्काळजीपणाही ब नं कबूल करायला हवा.

पऱ्हाट्या अजून उभ्या असतील तर नुकसान आताही काढता येईल. त्या सहा तासांतली 10 झाडं आणि आतली चांगली 10 झाडं घ्या, फुटलेल्या बोंडांच्या वाट्या मोजा. फरकावरून सहा तासांचा किती कापूस गेला त्याचा अंदाज निघतो. रक्कम बहुतेक छोटी असते आणि ती ब नं न मागता दिली तर बरं.

पुढच्या हंगामासाठी ठरवून टाका: दोघांच्या धुऱ्यावर 2,4-डी नाही, विळ्यानं किंवा ग्रास कटरनं गवत काढायचं. मारायचंच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, नोझलवर हुड लावून. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, पंप धुऊन भागत नाही.

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. ब बऱ्यापैकी तयार आहे. अडचण अशी की अ म्हणतो, 'जिथं माझा बाप काढला त्या पारावरच माफी माग.' ब म्हणतो, 'त्यानंही माझा काढला.' आता?

अंगणातली तुळस

पारावरची माफी मागू देऊ नका. दिली तरी ती मनात घेतली जात नाही, आणि देणारा पुढं आयुष्यभर त्याचा हिशेब ठेवतो. बाप काढला गेला ना? मग माफी बापाकडे. वडील हयात असतील तर ब नं अ च्या घरी जाऊन म्हाताऱ्याच्या पाया पडावं, अ नं ब च्या. नसतील तर आईच्या. लहानपणी दोघं त्याच घरी जेवलेले असतात, तिथं वाकायला लाज वाटत नाही. अ ला जे हवं ते मिळतं आणि ब ला पारावर उभं राहावं लागत नाही. दोघांनी एकाच दिवशी जावं, एक सकाळी, एक संध्याकाळी. कोण आधी, हे मधल्या माणसानं ठरवून टाकावं आणि दोघांना 'तो निघाला' असं सांगावं.

शब्द थोडे ठेवा. 'धुऱ्याचं मोजून घेऊ, पण त्या दिवशी बोललो ते चुकलं.' बस. 'पण तूही' हे दोन शब्द निघाले की सगळं पाण्यात.

आणि तुम्ही सगळ्यांनी बायकांना धरलंच नाही. दोघांच्या बायका बोलतात का, हे आधी विचारा. बोलत असतील तर वाट उघडीच आहे. पापड-सरगुंड्या उन्हाळ्यात मिळूनच होतात, तिथं निरोप आपोआप जातो. त्यांचंही बंद असेल तर पुरुषांचं जुळून घरात टिकत नाही, रोज जेवताना कोणीतरी फुंकर घालतंच.

सणांचं म्हणाल तर शिमगा टाळा, तेव्हा जुनं उकरायची मुभाच असते. पोळ्याची संध्याकाळही जरा जपून, तोरणात कोणाची जोडी पुढं यावरून नवंच निघतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा चांगला. लेकरू लाकडी बैल घेऊन दारात आलं की बोजारा (लेकराच्या हातावर ठेवायचा खाऊ-पैसा) नाही म्हणता येत नाही, मग त्या लेकरामागं बाप उभा असला तरी. दसऱ्याचं सोनंही कोणी परत करत नाही. पण हे सण जुळलेलं पक्कं करायला, तोडगा काढायला नाहीत. मोजणी राहिली आणि नुसतं सोनं दिलं, तर पुढच्या नांगरटीला पुन्हा तेच.

साखळीवाला (मोजणीतला जुना माणूस)

ताईंचं पाया पडण्याचं पटलं. दोन गोष्टी राहिल्या.

वाटेवर काट्या जानेवारीत टाकल्या. वाट अडवल्याबद्दल तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दाद मागायची मुदत अडथळा झाल्यापासून 6 महिने असते. तुमच्या चार फेऱ्या चालू असताना ब ची ती मुदत जुलैत निघून जाईल, आणि नंतर कोणीतरी त्याच्या कानात 'तुला गोड बोलून झुलवलं' असं सांगेल. म्हणून पहिली मागणी अ कडे एकच करा: माफी राहू दे, मोजणी राहू दे, आधी काट्या उचल. नाही उचलल्या तर मेअखेर ब ला अर्ज करू द्या, त्याला अडवू नका.

तंटामुक्ती समितीकडे सुरुवातीलाच नेऊ नका. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून आहे, बऱ्याच गावांत समिती चांगली असते, पण तिथं नेलं की प्रकरण नोंदवहीत 'तंटा' म्हणून चढतं आणि दोघं मित्र वादी-प्रतिवादी होतात. सगळं ठरल्यावर मात्र तिच्यासमोर तडजोडनामा लिहून घ्या: गट नंबर, पाच दगडांच्या जागा, धुऱ्याची रुंदी, बंडीची वाट किती फूट, तणनाशकाची अट. नांगरटीच्या दिवशी दोघांपैकी एकानं तरी धुऱ्यावर उभं राहायचं, हेही त्यात टाका. ट्रॅक्टरवाला कोणाचाच मित्र नसतो.