दहा वर्षांनंतरचा मधुमेह आजच्या रक्तात शोधावा का?

आडवाट

‘भविष्यातला मधुमेह आजच ओळखा’ या थाटाची रक्ततपासणीची पॅकेजं आता सर्रास विकली जातात. अमायनो आम्लं (प्रथिनांचे घटक), अडिपोनेक्टिन, सीआरपी, प्रोइन्शुलिन असे रक्तातले बरेच घटक मोजतात आणि शेवटी एक टक्केवारी हातात ठेवतात. माझं मत रोखठोक आहे: टाइप २, म्हणजे बहुतेकांना होणारा नेहमीचा मधुमेह, त्यापुरतं बोलायचं तर हे पैसे पाण्यात.

यामागचं विज्ञान खोटं नाही, हे आधीच सांगतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन अभ्यासातले साठवलेले नमुने तपासून २०११ साली एक निबंध आला. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअलॅनिन ही पाच अमायनो आम्लं ज्यांच्या रक्तात जास्त होती, त्यांच्यात पुढच्या १२ वर्षांत मधुमेह जास्त निघाला. त्यातल्या तिघांची पातळी मिळून सगळ्यात वरच्या चतुर्थांशात असेल, तर धोका पाचपटीच्या वर. बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या.

पण संबंध सापडणं वेगळं आणि मला आधी माहीत नसलेलं काही कळणं वेगळं. वय, कमरेचा घेर, आईवडिलांना मधुमेह आहे का, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर एवढं माहीत असलं की अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. त्यात आणखी काही घातलं तर तो सुधारतो किती? २००८ साली त्याच फ्रेमिंगहॅममध्ये १८ जनुकीय बदलांचा गुणांक या माहितीत मिसळून पाहिला. पुढे मधुमेह होणारे आणि न होणारे वेगळे काढण्याची क्षमता ०.९०० वरून ०.९०१ झाली. यात १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक.

आणि कळल्यावर करायचं काय, तर तेच. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध चाचणीत (२००२, ३,२३४ लोक) वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या लक्ष्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. ही माणसं निवडली होती साधी साखर आणि वजन पाहून. अमायनो आम्लं कोणी विचारलीही नाहीत.

टिवल्याबावल्या

तीस घटक मोजून शेवटी ‘चालायला जा’ हेच सांगणार ना? ते मी फुकटात सांगतो.

सूक्ष्मदर्शी

आडवाट, तुम्ही त्या २०११ च्या अभ्यासातली कळीची गोष्ट गाळलीत. ज्यांच्याशी तुलना केली ती माणसं वय, वजन आणि उपाशीपोटीची साखर यांत जुळवूनच घेतली होती. म्हणजे साखर सारखी, वजन सारखं, तरी एकाला मधुमेह झाला आणि दुसऱ्याला नाही, आणि फरक अमायनो आम्लांत दिसला. ‘साखर आणि कंबर पुरे’ या म्हणण्याला तिथेच तडा जातो.

जनुकांचं उदाहरणही इथे लागू होत नाही. जनुकं जन्माला येतानाच ठरलेली असतात. रक्तातले हे घटक शरीरात आत्ता काय चाललंय त्याप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांना वेगळं मोल आहे.

दुसरं म्हणजे साखर उशिरा बोलते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल २ अभ्यासात (२००९, साडेसहा हजारांहून जास्त लोक) मधुमेह झालेल्यांची मागची मोजमापं उलटी लावून पाहिली. उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी चढते आणि निदानाआधीच्या तीन वर्षांत एकदम उसळते. इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मात्र निदानाच्या पाच वर्षं आधीपासूनच झपाट्याने घसरताना दिसतो. तोवर स्वादुपिंड जादा इन्शुलिन ओतून साखर आवरत असतं आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. शिवाय सडपातळ माणसाचं काय? कंबर बेतात, वजन बेतात, धोका मोजणारी प्रश्नावली त्याला घरी पाठवते. मधुमेह काही पाठवत नाही.

जांभळं टोपण

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मला या चर्चेत नळी दिसते. साखरेचं रक्त करड्या टोपणाच्या नळीत घ्यायचं, कारण तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत घेऊन तशीच ठेवली तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. १०४ चे ९८ होतात आणि १०० च्या काठावरचा माणूस कागदावर निरोगी. फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला वेळ लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सगळ्यात जुन्या, सगळ्यात सोप्या चाचणीची ही कथा. संशोधनात नमुने लगेच गोठवतात आणि एकाच पद्धतीने एकत्र तपासतात. इथे मात्र एका माणसाची एका दिवसाची एक नळी. अमायनो आम्लं तर पोटात प्रथिनं गेली की वाढतात. ‘उपाशी आहात ना?’ विचारल्यावर ‘हो हो, फक्त कपभर दूध’ असं उत्तर येतं, त्यावर दहा वर्षांचं भाकीत कसं करायचं?

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, तीही धुतल्या तांदळासारखी नाही. लोह कमी असेल तर साखर न वाढता ती वर दिसू शकते. लाल पेशी लवकर मरत असतील तर खाली दिसते.

अर्धविराम

मला भीती शिक्क्याची वाटते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ मध्ये उपाशीपोटीच्या साखरेची पूर्वमधुमेहाची (नॉर्मल आणि मधुमेह यांच्या मधली पायरी) खालची रेघ ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना ११० वरच राहिली. म्हणजे १०५ आलेला माणूस एकीच्या लेखी ‘पूर्वमधुमेही’ आणि दुसरीच्या लेखी ठणठणीत.

२०२१ साली सरासरी पंचाहत्तरीच्या लोकांचा एक अभ्यास आला. ज्यांची एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के (पूर्वमधुमेहाचा पट्टा) होती, त्यांच्यातल्या ९ टक्के लोकांना साधारण साडेसहा वर्षांत मधुमेह झाला आणि १३ टक्क्यांची साखर आपसूक पूर्ववत झाली. १९ टक्के तोवर वारले. या वयात तो शिक्का मारून कोणाचं भलं होतं? त्यात आणखी वीस घटकांचे आणखी वीस शिक्के.

उंबरठा

सगळे टाइप २ वरच घसरलात. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते त्या मधुमेहात, रक्तातून भाकीत करणं आज खरोखर उपयोगाचं आहे. स्वादुपिंडाविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी दोन किंवा जास्त ज्या मुलांच्या रक्तात सापडतात, त्यांच्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना पुढच्या दहा वर्षांत मधुमेह होतो. हे २०१३ साली अनेक देशांतल्या मुलांच्या पाठपुराव्यातून पुढे आलं. आधी माहीत असेल तर मूल बेशुद्धीच्या उंबरठ्यावर, किटोॲसिडोसिसमध्ये (इन्शुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होतं त्या अवस्थेत) पहिल्यांदा दवाखान्यात येण्याची वेळ टळू शकते. आणि २०२२ पासून टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर आहे. चाचणीत त्याने आजार मध्यमानाने दोनेक वर्षं पुढे ढकलला. आडवाट यांनी ‘टाइप २ पुरतं’ असं सोयीस्कर कुंपण घातलंय.

आडवाट

कुंपण मुद्दामच घातलंय, कारण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे आकडा कळल्यावर करायची गोष्ट बदलते. टाइप २ मध्ये ती बदलते असं कोणी दाखवावं.

सूक्ष्मदर्शी

दाखवतो. तुम्ही सांगितलेल्या त्याच प्रतिबंध चाचणीचे आकडे २०१५ मध्ये पुन्हा उलगडले, लोकांची धोक्यानुसार चार गटांत विभागणी करून. मेटफॉर्मिनचा फायदा जवळपास सगळा वरच्या चतुर्थांशात होता. खालच्यात काहीच नाही. जीवनशैली बदलण्याचा फायदा सगळ्यांना झाला, वरच्यांना जास्त. म्हणजे धोका नीट मोजला की गोळी कोणाला द्यायची हे ठरतं. सरसकट ‘काठावर आहात, घ्या गोळी’ यापेक्षा हे बरं नाही का?

आडवाट

बरं आहे, पण ती विभागणी कशावरून केली? उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड, कमरेचं माप, असल्याच गोष्टींवरून. कुठल्याही लॅबमध्ये होणाऱ्या.

सूक्ष्मदर्शी

म्हणजे रक्तातले दर्शक तुम्हालाही चालतात, नवे चालत नाहीत. मग हा घ्या स्वस्तातला नवा: ग्लुकोज दिल्यावर एका तासाची साखर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये १५५ ही रेघ सुचवली. उपाशी आणि दोन तासांची साखर नॉर्मल असलेल्यांतलेही धोक्यातले लोक त्यात सापडतात.

आडवाट

एका तासाची साखर मान्य. तीस घटकांऐवजी ती एक करा, मी धागा बंद करतो.

जांभळं टोपण

करा म्हणणं सोपं आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन तासभर एका जागी बसायचं असतं. लोक फोन कानाला लावून जिन्यात येरझाऱ्या घालतात, आणि चाललं की साखर उतरते. आधी त्यांना खुर्चीत बसवायचं काय ते सांगा.