मदत हवी आहे: गावच्या घरात एलईडी लावू की जुना पिवळा बल्बच बरा?

मंडळी, गावच्या घराचं वायरिंग नवीन करतोय, त्यात बल्ब कुठले घ्यायचे यावर अडलंय. हिशोब सरळ आहे, ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही, म्हणजे स्वयंपाकघर, पडवी, गोठा इथे एलईडीच, त्यात वाद नाही. सीएफएल (तो वळणदार नळीचा बल्ब) तर नकोच, फुटला की आतला पारा बाहेर.

प्रश्न आईच्या खोलीचा आहे. ती रात्री पोथी वाचते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पांढरा उजेड डोळ्यांत खुपतो म्हणते, अक्षरांवर हात आडवा धरून वाचते बिचारी. २७०० केल्विनचा (हा उजेडाच्या रंगाचा आकडा) वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी घेतला तर पिवळ्या बल्बसारखा वाटतो का खरंच? कुणाच्या घरी वयस्कर माणसं वापरत असतील तर प्लीज सांगा.

आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज फार खालीवर होतं, शिवाय पडवीतला दिवा बंद काचेच्या हंडीत आहे, आत गरम होऊन एलईडीचा ड्रायव्हर (बल्बमधलं वीज सांभाळणारं सर्किट) लवकर जातो ना? त्यासाठी काय बघून घ्यायचं?