अनुभव धागा : कॉलेजचं पहिलं वर्ष आणि ‘इथे आपलं कोण?’

रानवाटा : काल शेजारच्या खोलीत नंदुरबारकडच्या धडगावचा एक मुलगा राहायला आला. एफवायला. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी. नाव विचारलं तर मान वर न करता सांगितलं. मला माझं १९९६ आठवलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायची काचेची नळी, हातात धरलं. बाकीच्यांचं द्रावण फिकट गुलाबी व्हायचं, माझं दर वेळी भडक. लॅबमधले मामा येऊन हळूच म्हणाले, “पोरी, खाली पांढरा कागद ठेव. आणि शेवटी थेंब थेंब सोड.” वर्गासमोर नाही, कानात. त्या दिवसापासून मी मागच्या टेबलावर लपले नाही. तुम्हाला कोणी सावरलं?

सोलापूरची : मला पहिल्याच दिवशी “कॅटेगरीतून का?” विचारलं होतं. रूममेटने तेव्हाच डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. ती आजही माझी मैत्रीण. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

धडगावकर : आमच्या घरी पावरी बोलतात, ती आमची आदिवासी बोली. मराठीसुद्धा शाळेत शिकलेली, आणि कॉलेजात सगळं इंग्रजी. दोन महिने तोंड उघडलं नाही. बॉटनीच्या मॅडमना कळलं मी कुठला ते. मधुका, म्हणजे आपला मोह, शिकवताना म्हणाल्या, “आज हा सांगेल.” मोहाची फुलं पहाटे कशी गळतात, आई टोपली घेऊन अंधारात कशी निघते, सगळं सांगितलं. मॅडम खाली बसून लिहून घेत होत्या!

कृष्णाकाठ : आमचे आजोबा साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात होते. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला काढलेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. आजोबा म्हणायचे, ताटाला ताट लागलं की परकेपणा जातो. सोलापूरच्या ताई, तुमचा डबा वाचून तेच आठवलं.

लेकीची आई : विषय सोडून विचारते, माफ करा. मुलीला सरकारी होस्टेल मिळालं नाही. होस्टेल न मिळालेल्यांना सरकार पैसे देतं त्या स्वाधार योजनेचं कुठे विचारायचं?

कृष्णाकाठ : समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं ऑफिस. आदिवासी असाल तर तशीच स्वयंम् योजना, ती आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात. आजच जा ताई, आणि मुलीला बरोबर न्या. फॉर्म तिलाच भरू द्या.

सोलापूरची : आले परत. मोहाच्या फुलांचं करतात काय हो?

धडगावकर : वाळवून ठेवतो. भाजून खातो, भाकरीतही घालतो.

रानवाटा : धडगावकर, तो मुलगा फोनवर घरी बोलतो ते मला कळत नाही. पावरीच असावी. रविवारी येता का?

धडगावकर : येतो. गावचा वाळवलेला मोह आहे घरी, तो घेऊन येतो.