गुगलवर फुकटात वर दिसतो, तरी जाहिरातीला पैसे घालावेत का?

नमस्कार मंडळी,

दादर पश्चिमेला आमचं शिवलेल्या नऊवारीचं दुकान आहे. शिवणकाम सासूबाईंचं, वेबसाइट, व्हॉट्सॲप आणि हिशेब माझ्याकडे. 'शिवलेली नऊवारी दादर' असं शोधलं की आमची साइट बहुतेकदा पहिलीच येते. दुकानाच्या नावाने शोधलं तर येतेच. यासाठी कुणाला दमडी दिलेली नाही. फोटो आणि मापं कशी घ्यायची याची माहिती नेमाने टाकत गेले, एवढंच.

आता एक एजन्सी महिना १५,००० रुपयांच्या गुगल जाहिराती करा म्हणून मागे लागली आहे. वर १८ टक्के जीएसटी, आणि आम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असल्याने त्याचं क्रेडिट नाही, म्हणजे भरलेला तो कर आमच्या करातून वळता होत नाही. त्यांचं पालुपद असं की, गुगलच्याच २०११ च्या अभ्यासाप्रमाणे जाहिरात बंद केली तर तिच्यावरचे ८९ टक्के क्लिक हातचे जातात, खालच्या फुकट लिंककडे वळत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी नमुन्यादाखल जाहिरात चालवली होती. घटस्थापनेला सुरू केली आणि दसऱ्यानंतर 'आधीच्या पंधरवड्यापेक्षा दुप्पट फोन' असा तक्ता आणला. आधीचा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष! तेव्हा लग्नाची नऊवारी शिवायला टाकतंय कोण? सासूबाई नुसत्या हसल्या.

लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली ती यादी मागितली, तर 'नऊवारी कशी नेसायची' आणि 'नऊवारी भाड्याने' हेच जास्त. आम्ही भाड्याने देतच नाही. सगळ्यात स्वस्त क्लिक आमच्याच दुकानाच्या नावावरचे. ती माणसं तशीही आलीच असती ना?

पण सरळ नाही म्हणायलाही मन धजत नाही. मोबाइलवर आधी जाहिराती, मग नकाशा, मग आम्ही. आणि नुसतं 'पेशवाई नऊवारी' शोधलं तर आम्ही पार तिसऱ्या पानावर. लग्नसराई तोंडावर आली आहे. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद

ताई, ८९ टक्के हा आकडा खरा, पण अर्धाच सांगितलाय. गुगलनेच २०१२ मध्ये त्याची फोड दिली होती. ज्या जाहिराती तपासल्या, त्यातल्या बहुतेकींच्या वेळी त्या साइटची फुकट लिंक पहिल्या पानावर नव्हतीच. जिथे लिंक पहिल्या क्रमांकावर होती, तिथे जाहिरातीचे निम्मेच क्लिक जास्तीचे निघाले, म्हणजे जाहिरात नसती तर आले नसते असे. आणि हे क्लिक, गिऱ्हाइकं नव्हेत.

ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्येच याहू आणि एमएसएन या सर्च इंजिनांवर, 'ईबे' हे नाव शोधल्यावर दिसणाऱ्या स्वतःच्या जाहिराती थांबवून पाहिल्या. त्या क्लिकपैकी ९९.५ टक्के फुकट लिंकवरून परत आले. तुमचं दुकान ईबे नाही हे मान्य, पण तुमच्या नावाने शोधणारा तुम्हाला ओळखतोच. त्यावर पैसे घालू नका. शेजारचा दुकानदार तुमच्या नावावर स्वतःची जाहिरात लावायला लागला, तर तेव्हा बघू.

ईबेला जाहिरातीचा उपयोग दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. म्हणून 'पेशवाई नऊवारी'वर जरूर लावा. १५,००० कशाला, ५,००० पुरेत. 'भाड्याने', 'कशी नेसायची' हे निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे ते शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणार नाही, आणि डिस्प्ले नेटवर्कवरची (इतर साइट-ॲपवर जाहिरात दाखवण्याची) खूण काढा, ती आधीच करून ठेवलेली असते.

तुलना मात्र महिन्यांची नको, भागांची करा. कल्याण-डोंबिवलीत चालू, वसई-विरारमध्ये बंद. काही आठवड्यांनी अदलाबदल. सण दोन्हीकडे एकाच दिवशी येतात. लोकेशनच्या सेटिंगमध्ये फक्त 'त्या भागात असलेले' निवडा, नाहीतर त्या भागात नुसता रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते.

धागाकर्ती

पटलं, पण दोन अडचणी. डोंबिवलीकर दिवसभर फोर्टात नाहीतर बीकेसीत असतो, तिथून शोधलं तर? आणि फोनवर विचारलं की सगळे 'गुगलवर बघितलं' म्हणतात. जाहिरातीवरून आले की खालून, हे त्यांनाही सांगता येत नाही.

प्रतिसाद

ते विचारूच नका. मापाला आल्यावर राहता कुठे, एवढंच वहीत लिहा. ऑफिसातून शोधणाऱ्यांमुळे फरक थोडा पुसट दिसेल, म्हणून जाहिरातीची वेळ रात्री आठ ते अकरा आणि रविवार दिवसभर ठेवा. तेव्हा डोंबिवलीकर डोंबिवलीत असतो.