अनुभव धागा: तुमच्या फाइलीत मराठीची कधी वाट लागली होती? सांगा बाप्पा

माझ्यापासून सुरू करतो. मामेभावाचं लग्न, वधूपक्ष भंडाऱ्याचा. पत्रिकेचं मॅटर मी मोबाइलवर टाइप करून नागपूरच्या महालातल्या एका प्रेसमध्ये व्हॉट्सॲपनं पाठवलं, तिकडून प्रूफ आलं आणि खाली बसची सूचना होती ना, 'भंडाऱ्याच्या वऱ्हाडींसाठी', ती झाली 'भंडार्याच्या वर्हाडींसाठी'. मामा म्हणे चालते, कोण पाहून राहिलं. म्हटलं मामा, विदर्भात राहून वऱ्हाडच चुकीचं छापायचं म्हणजे काय! मोबाइलवर बरोबर, प्रेसच्या कॉम्प्युटरवर चूक, असं काहून होते हे मला तरी तेव्हा कळलं नाही. तुमच्याकडे असे किस्से असतील तर टाका, आणि दुरुस्त कसं केलं तेही लिहा, नुसतं रडू नका.

प्रेसवाला भाऊ
मी महालातलाच, पण ती प्रेस माझी नव्हे, आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडं वीस वर्षांपासूनच्या पत्रिकांचे साचे पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडले आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती आली २००१ ला, त्याला युनिकोड माहीतच नाही. तुम्ही मोबाइलवर लिहिता ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर. मग ऑपरेटर ते कन्व्हर्टरमधून काढून कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत आणतो. बरेच कन्व्हर्टर हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी बनवलेले, हिंदीला वऱ्हाडातला तो अर्धा र लागतच नाही, म्हणून कन्व्हर्टर त्याचा सरळ रफार करून मोकळा होतो. 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालं की स्वयंपाकी बसला आचार्यांच्या पंगतीत!

वैतागून मी इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर घेतलं, म्हटलं आता सुटलो. युनिकोड मजकूर पेस्ट केला तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसली आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी उभी, 'प्रतिष्ठा' वाचवत नव्हतं. फॉन्ट खराब समजून मी चार फॉन्ट बदलले, दोन दिवस गेले, आणि गिऱ्हाईक रोज संध्याकाळी येऊन उभं. शेवटी पुतण्यानं पॅरेग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडून कंपोजर, म्हणजे अक्षरं मांडणारी सेटिंग, बदलला, ॲडोबी वर्ल्ड-रेडी कंपोजर, आणि सगळी अक्षरं जागच्या जागी. फॉन्ट पहिलाच बरोबर होता. आता नवीन काम सगळं तिथंच करतो, पण जुनं गिऱ्हाईक 'मागच्या वर्षीसारखीच छापा' म्हणते तेव्हा पुन्हा पेजमेकर उघडावं लागते, काय करता.

धंतोलीची ताई
बाबा गेल्यावर त्यांच्या कवितांची सीडी सापडली. त्यांनी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतल्या होत्या. वर्डमध्ये उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच नाही. मी खूप वेळ पाहत बसले. वर गावाचं नाव असणार हे माहीत होतं आणि तिथं लिहिलेलं होतं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. सहा अक्षरं. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. नागपूर! मग डोक्यात प्रकाश पडला की फाइल बिघडलेली नाहीच, आत खरंच इंग्रजी अक्षरं आहेत आणि कृतिदेव फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट टाकला, कविता दिसल्या, मी रडले, ते सोडा. पण भावाला पुण्याला मेल केलं तर त्याच्याकडं पुन्हा तेच. प्रत्येकाला फॉन्ट कुठं टाकायला लावू? म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदललं. एक चूक झाली ती तुम्ही करू नका, अख्खी फाइल एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकली, त्यात बाबांनी मधेमधे खरे इंग्रजी शब्द लिहिले होते त्यांचाही मराठी काला झाला. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचले. नंतर एकेक कविता केली आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून तपासली, रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात.

तर्रीपोहे
माझा किस्सा छोटा. नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज १०, जुना प्रोजेक्ट रिपोर्ट उघडला तर ४२ पानांचा ४५ पानांचा झाला, अनुक्रमणिका गेली बाराच्या भावात. मंगल फॉन्टच नव्हता त्यात, वर्ड गुपचूप दुसरा लावत होतं. सेटिंगमध्ये ऑप्शनल फीचर्स आहे, तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाकले, परत ४२.

कूलरसमोर
बचत गटाच्या सभासदांची यादी, नावं मराठीत. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांची साधी टेक्स्ट फाइल, करून मागितली होती. केली, बंद करायच्या वेळी एक्सेलनं काहीतरी इशारा दिला, मी नेहमीसारखं येस. दुसऱ्या दिवशी उघडली तर सगळ्या बायकांची नावं म्हणजे प्रश्नचिन्हं. आणि मी शहाणी, मूळ एक्सेल डिलीट करून बसलेली. हे समजून घ्या, चौकोन दिसले तर मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. विचित्र चिन्हांची खिचडी दिसली तरी बहुतेक वेळा वाचते, डेटा मेनूतून टेक्स्ट आणायचा आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ६५००१ युटीएफ-८ निवडायचं. पण सेव्ह होताना प्रश्नचिन्हं झाली तर आत खरंच प्रश्नचिन्हंच लिहिलेली असतात, कोणाचा बाप परत आणू शकत नाही. मे महिन्यातली दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं, दोनशेच्या वर नावं रजिस्टर पाहून पुन्हा मारली. नवीन एक्सेलमध्ये सेव्ह करताना 'सीएसव्ही युटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तोच घ्या.

पीएचडीग्रस्त
पीडीएफमधून मराठी उतारा कॉपी केला की वेलांट्या उडतात, पाहिलं असेल. दिसते सुंदर, पेस्ट केलं की कचरा, कारण आत चित्रं बरोबर असतात पण कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर हा तक्ता अर्धवट. मी ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकते आणि गूगल डॉक्समध्ये उघडते, ते पान फोटोसारखं वाचून टाइप करून देते. जुन्या छपाईत चुका होतात पण टाइप करण्यापेक्षा बरं. आणि स्वतःचा प्रबंध पाठवताना रीडरमध्ये प्रॉपर्टीज, फॉन्ट्स उघडून प्रत्येक नावापुढं 'एम्बेडेड', म्हणजे फॉन्ट फाइलीतच भरलेला, असं आहे का ते पाहायचं. माझ्या एका मैत्रिणीनं पाहिलं नाही, बाहेरच्या परीक्षकांकडं अख्खं तिसरं प्रकरण ठिपके होऊन पोचलं.

अजून एक, शोधताना त्रास देते ते. 'वऱ्हाड' दोन तऱ्हांनी टाइप होते, दिसायला सारखंच. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारा जोडक. कंट्रोल एफ मारलं तर अनेकदा एकच सापडते. मला वाटे माझ्या प्रबंधात वऱ्हाड अकराच वेळा आलं!

प्रेसवाला भाऊ
पीएचडीवाल्या ताई, हे माहीत नव्हतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे मारलं की तो ऱ येतो, मग डी, मग ह. आता सगळ्या ऑपरेटरना हेच लावतो. धागा काढणाऱ्या भाऊ, तुमच्या पत्रिकेचं काय झालं शेवटी?

धागाकर्ता
बसची सूचना मी मोबाइलवरच बनवून फोटो पाठवला, त्यांनी तो तसाच चिकटवला. बाकी पत्रिकेपेक्षा ती ओळ जरा जाड दिसते. मामाला वाटते मुद्दाम ठळक केली आहे.